धुळीआडच्या पहिल्या वस्त्या

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, रात्री नऊच्या सुमारास, धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही उघड्या माळावरून नेमके दक्षिणेकडे पाहिले, तर क्षितिजालगत डावीकडे एक ठळक, निळसर पांढरा तारा दिसतो. तो अग्रनद. त्याच्या उजवीकडे, हात ताठ धरून मोजलेल्या दीड मुठीच्या अंतरावर आणि किंचित वर, आकाशाचा एक तुकडा अगदी रिकामा वाटतो. पण त्याच दिशेने, १२ अब्ज वर्षांहून अधिक काळ प्रवास करून आलेल्या लहरींमध्ये, एकमेकींना खेटलेल्या किमान १४ दीर्घिकांची खबर आहे. त्या लहरी निघाल्या तेव्हा विश्वाचे वय जेमतेम १.४ अब्ज वर्षे होते, म्हणजे आजच्या वयाच्या साधारण एक दशांश. या १४ दीर्घिका सुमारे सव्वाचार लाख प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात दाटल्या होत्या. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका यांच्यात २५ लाख प्रकाशवर्षांचे अंतर आहे, हे लक्षात घेतले की ही दाटी किती विलक्षण होती ते कळते. आपल्या आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्य घडतील इतकेच द्रव्य ताऱ्यांमध्ये रूपांतरित होते; त्या दीर्घिकांमध्ये मिळून दरवर्षी काही हजार सूर्यांचा ऐवज ताऱ्यांत बदलत होता. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीने हेरलेल्या या समूहाला ‘एसपीटी २३४९-५६’ असे रुक्ष नाव आहे आणि त्याचा सविस्तर शोधनिबंध २०१८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात आला.

इतक्या झगमगाटाची जागा दृश्य प्रकाशात जवळजवळ दिसू नये, याचे कारण धूळ. खगोलशास्त्रात धुळीकडे फार काळ अडथळा म्हणूनच पाहिले गेले. आज चित्र उलटे झाले आहे. विश्वातल्या पहिल्या मोठ्या वस्त्या कुठे वसल्या हे शोधायचे, तर धुळीचाच माग काढावा लागतो. मात्र एकट्या धुळीवर विसंबूनही चालत नाही. धूळ जागा दाखवते. तिथे खरोखर वस्ती आहे की नुसता भास, हे वायूच्या वर्णरेषा आणि रेडिओ लहरी ठरवतात. हा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे, कारण त्यात महाराष्ट्रातल्या एका दुर्बिणीचा जुना आणि हक्काचा वाटा आहे.

मुळात अशा वस्त्या असायलाच हव्यात असे का मानायचे? याचे उत्तर आजच्या विश्वात आहे. दीर्घिका एकेकट्या राहत नाहीत. शेकडो, कधी हजारो दीर्घिका गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या समूहांत राहतात आणि हे समूहही मिळून महासमूह बनवतात. पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतल्या संशोधकांनी २०१७ साली जाहीर केलेला ‘सरस्वती’ महासमूह हे त्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण आहे. मीन राशीच्या दिशेला, सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षांवर असलेल्या या रचनेत किमान ४३ समूह आहेत आणि तिचा विस्तार जवळपास ६० कोटी प्रकाशवर्षे आहे. आता अशा समूहांच्या मध्यभागी बसलेल्या राक्षसी लंबवर्तुळाकार दीर्घिका पाहा. त्यांचे तारे म्हातारे आणि तांबूस आहेत, नवे तारे जन्मणे तिथे जवळपास थांबले आहे. ताऱ्यांची वये काढली की असे दिसते, की त्यांतले बहुतेक तारे विश्वाच्या पहिल्या दोन-तीन अब्ज वर्षांत आणि फार वेगाने घडले असावेत. याचा अर्थ, आजच्या प्रत्येक मोठ्या समूहाच्या भूतकाळात ताराजन्माचा एक प्रचंड धडाका दडलेला असणार. सगळ्या दीर्घिकांची अशी धांदल एकाच वेळी, एकाच परिसरात चालू असतानाचा तो काळ प्रत्यक्ष पाहणे, हाच या शोधाचा हेतू आहे.

हा धडाका धुळीने झाकलेलाच असणार, हेही तर्काने निघते. वजनदार तारे अल्पायुषी असतात. काही दशलक्ष ते काही कोटी वर्षांत ते फुटतात आणि कार्बन, सिलिकॉन, ऑक्सिजन अशी मूलद्रव्ये अवकाशात उधळतात. त्यांतूनच काजळीचे आणि वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण बनतात. त्यांतले बहुतेक एका मायक्रॉनहूनही लहान असतात. ही धूळ डोळ्यांनी पाहायची असेल, तर उन्हाळ्यात वृश्चिक आणि धनू राशींमधून जाणारा आकाशगंगेचा पट्टा पाहावा. शहरापासून दूर, अंधाऱ्या रात्री त्या पट्ट्यात जे काळे डाग आणि चिरा दिसतात, ती ताऱ्यांची उणीव नव्हे. ताऱ्यांपुढे आलेली धूळ आहे. जितके तारे झपाट्याने जन्मतात, तितकी धूळ दाट होते. तरुण ताऱ्यांचा अतिनील आणि निळा प्रकाश ती गिळते, त्या ऊर्जेने उणे २४० ते उणे २३० अंश सेल्सिअसपर्यंत ‘तापते’ आणि तीच ऊर्जा दूरच्या अवरक्त लहरींत बाहेर टाकते. उसाच्या पट्ट्यात लांबून गुऱ्हाळ ओळखायचे तर चुलाणातला जाळ दिसत नाही, धूर आणि धग सांगते की आत काम जोरात चालू आहे, इथेही तसेच. १९९०च्या दशकात ‘कोबे’ उपग्रहाच्या मोजणीतून आकाशभर पसरलेली ही अवरक्त धग हाती आली आणि लक्षात आले, की विश्वाच्या इतिहासात ताऱ्यांनी टाकलेल्या प्रकाशापैकी जवळपास अर्धा धुळीने गिळून पुन्हा बाहेर टाकला आहे. दृश्य प्रकाशातच शोध घेणारा माणूस अर्धा इतिहास न वाचताच निष्कर्ष काढत असतो.

धुळीच्या या लहरींना दुसरा एक गुण आहे आणि तो शोधकांच्या फारच उपयोगी पडतो. सामान्यतः वस्तू जितकी दूर, तितकी ती अंधूक दिसते. पण विश्व प्रसरण पावत असल्याने दूरच्या दीर्घिकेच्या लहरी ताणून लांब होतात. धुळीची धग १०० मायक्रॉनच्या आसपास सर्वांत प्रखर असते. १२ अब्ज वर्षांपूर्वी निघालेल्या त्याच लहरी आपल्यापर्यंत येताना साधारण पाचपट ताणल्या जाऊन ५०० मायक्रॉनच्या होतात. म्हणून ८५० मायक्रॉनच्या पट्ट्यात पाहणाऱ्या दुर्बिणीला दीर्घिका जशी दूर जाते, तसा तिच्या धगीचा अधिकाधिक प्रखर भाग दिसू लागतो. अंतराने होणारी घट या लाभाने जवळजवळ भरून निघते. त्यामुळे ८ अब्ज वर्षांपूर्वीची आणि १२ अब्ज वर्षांपूर्वीची तितकीच तेजस्वी दीर्घिका या पट्ट्यात जवळपास सारखीच ठळक दिसते. हवाईतल्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीवर ‘स्कूबा’ हा कॅमेरा बसवल्यावर १९९७-९८ साली अशा दीर्घिकांचे पहिले घबाड हाती लागले, ते याच गुणामुळे.

मग हे काम धाराशिवच्या पठारावरून का होत नाही? आकाश अंधारे आहे, वर्षातले अनेक महिने निरभ्र असते, जिल्हा तर दुष्काळासाठीच ओळखला जातो. पण जमिनीवरचा दुष्काळ आणि हवेतला दुष्काळ या वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ध्या-एक मिलिमीटरच्या लहरी पाण्याची वाफ शोषून घेते आणि पावसाने दगा दिलेल्या वर्षीही आपल्या डोक्यावरच्या हवेत इतकी वाफ असते, की त्या लहरी जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून शास्त्रज्ञांना दक्षिण ध्रुवावर जावे लागले, जिथे थंडीने हवा कोरडी होते. चिलीच्या अटाकामा वाळवंटात ५,००० मीटर उंचीवर ६६ अँटेनांची ‘अल्मा’ उभारावी लागली. आणि ‘हर्शेल’ व ‘प्लँक’ ही याने २००९ साली थेट अवकाशात पाठवावी लागली. प्लँकने आकाशाचा सर्वांत स्वच्छ असा सुमारे चौथा भाग चाळून अशा २,१५१ संशयित जागांची यादी दिली. हर्शेलने त्याच्या अवरक्त चित्रांत ‘अधिक लांब लहरीत अधिक ठळक’ असे लालसर ठिपके हुडकले. दक्षिण ध्रुवाच्या दुर्बिणीला ठिपके दिसले आणि अल्माने त्यांतला एकेक ठिपका फोडून आतल्या दीर्घिका वेगळ्या केल्या. एसपीटी २३४९-५६ अशीच उलगडली. २०१८ सालीच हर्शेलच्या यादीतून आणखी एक दाट समूह मिळाला, ज्यात किमान दहा धुळकट दीर्घिका एकत्र होत्या.

इथवर धुळीची बाजू भक्कम वाटते. पण शंका घेणारे गप्प बसलेले नाहीत आणि त्यांच्या शंका पोकळ नाहीत. पहिली शंका अशी, की आकाशात जवळ दिसणाऱ्या दीर्घिका खरोखर जवळ असतीलच असे नाही. एक आठ अब्ज, दुसरी दहा अब्ज, तिसरी बारा अब्ज वर्षांपूर्वीची असून त्या केवळ एका रेषेत आल्या असतील. धुळीची धग अंतराने फिकी होत नाही हा तिचा गुण इथे दोष ठरतो, कारण खोलवरच्या सगळ्या पातळ्या एकाच चित्रात सपाट होतात. दुसरी शंका अशी, की वाटेतल्या एखाद्या जड दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण मागच्या प्रकाशाला वाकवून मोठे करते. दक्षिण ध्रुवाच्या यादीतले अनेक झगझगीत ठिपके असे भिंगातून मोठे झालेले निघाले. दोन्ही शंकांना उत्तर एकच आहे आणि ते धुळीत नाही, वायूत आहे. कार्बन मोनॉक्साइडचे रेणू आणि आयनित कार्बन ठरावीक लांबीच्या लहरी सोडतात. त्या किती ताणल्या गेल्या हे मोजले की प्रत्येक दीर्घिकेचे अंतर वेगळे कळते. एसपीटी २३४९-५६ मधल्या १४ दीर्घिकांची अंतरे अशीच तपासली गेली आणि वाटेत मोठे करणारे भिंग नाही हेही पाहिले गेले. अलीकडे तर अल्माच्याच निरीक्षणांतून त्या समूहात दीर्घिकांच्या मधल्या जागेत अतितप्त वायू असल्याची खूण मिळाली आहे. असा वायू गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या समूहातच साठतो. प्लँकने हेरलेल्या २३४ जागा हर्शेलने पुन्हा पाहिल्या, तेव्हा बहुतेकांत दीर्घिकांची खरी दाटी दिसली आणि भिंगाची उदाहरणे थोडीच निघाली. तरीही दाटी दिसणे आणि अंतर सिद्ध होणे यांत फरक आहे. यादीतली बहुतेक नावे आजही ‘संशयित’ या शब्दापुढे सरकलेली नाहीत.

तिसरी शंका जास्त खोल आहे. ताराजन्माचा धडाका फार काळ टिकत नाही. इंधन इतक्या वेगाने जळते, की दहा कोटी वर्षांच्या आसपास तो ओसरतो. विश्वाच्या मापाने हा क्षण झाला. मग धुळकट दीर्घिका जिथे दिसतात तिथे समूह असेल, पण जिथे दिसत नाहीत तिथे समूह नाही, असे कसे म्हणायचे? २००९ साली खगोलशास्त्रज्ञ चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दीर्घिकांची एक गर्दी तपासली आणि सांगितले, की तो परिसर काही भावी मोठ्या समूहाचे बीज नाही. गर्दी केवळ योगायोगाने धडाक्याच्या वेळी दिसली. संगणकावरच्या सादृश्यीकरणांनीही नंतर हाच इशारा दिला, की सर्वांत जड समूह शोधायला धूळ ही भरवशाची खूण नाही. या शंकेचा पूर्वार्ध मान्य केलाच पाहिजे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. एकेका दीर्घिकेचा धडाका इतका क्षणिक असेल, तर १४ दीर्घिकांत तो एकाच वेळी चालू असणे ही निव्वळ योगायोगाची बाब राहत नाही. त्या सगळ्यांना एकाच वेळी इंधन पुरवणारी, एकाच वेळी ढवळून काढणारी काहीतरी परिस्थिती त्या परिसरात असली पाहिजे. किंवा इथे धडाका आपल्या समजुतीपेक्षा जास्त काळ टिकत असला पाहिजे. दोन्ही शक्यता समूहाच्या जन्माबद्दलच काही सांगतात. म्हणजे धूळ ही सगळ्या समूहांची जनगणना करत नाही. ती समूहाच्या आयुष्यातला एक निर्णायक काळ दाखवते. बाकीच्या काळासाठी दुसरी साधने हवीत.

याच टप्प्यावर खोडदची आठवण होते. पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावजवळ, खोडद इथे पसरलेली महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण म्हणजे जीएमआरटी ही प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण आहे. त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तिची कल्पना मांडली, तेव्हा तिच्या मुख्य उद्दिष्टांपैकी एक होते दीर्घिका बनण्याआधीचे उदासीन हायड्रोजनचे प्रचंड ढग, म्हणजेच समूहांची बीजे शोधणे. त्या काळच्या एका प्रभावी मतानुसार आधी मोठे ढग कोसळतात आणि मग त्यांचे तुकडे होऊन दीर्घिका बनतात. तसे असते तर २१ सेंटिमीटरची हायड्रोजनची रेषा ताणली जाऊन मीटर लहरींत दिसायला हवी होती. तसले अवाढव्य ढग सापडले नाहीत. लहान रचना आधी बनल्या आणि त्या जुळून मोठ्या झाल्या, हेच आज पुराव्याने टिकते. सिद्धांत मागे पडला, पण समूहांची बीजे कुठे आणि कशी रुजली हा प्रश्न मागे पडला नाही. तो धुळीच्या वाटेने परत आला आहे.

खोडदची अँटेना जवळून पाहिली तर तिची बशी पत्र्याची नाही, बारीक तारेच्या जाळीची आहे. जाळीचे छिद्र एक-दोन सेंटिमीटरचे. त्यातून पलीकडचे आकाश दिसते, वारा आरपार जातो, पण वीतभर ते दोन मीटर लांबीच्या रेडिओ लहरींना ती अखंड आरशासारखीच असते. अल्माच्या बशीचा पृष्ठभाग मात्र २५ मायक्रॉनच्या अचूकतेने घडवावा लागतो. लांब लहरींचा हा सोपेपणा आहे आणि त्यांचा आणखी मोठा लाभ म्हणजे त्या धुळीला जुमानत नाहीत. वजनदार तारे फुटतात तेव्हा वेगवान झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओ लहरी सोडतात. त्यामुळे जिथे तारे झपाट्याने जन्मतात आणि मरतात, तिथे अवरक्त धग आणि रेडिओ तेज हातात हात घालून वाढतात. हा संबंध १९७०च्या दशकापासून ठाऊक आहे आणि जीएमआरटीच्या खोल निरीक्षणांनीही तो दूरच्या दीर्घिकांत पडताळला गेला आहे. म्हणून एखाद्या जागी धग भरपूर आणि रेडिओ तेज प्रमाणात असेल, तर ते ताराजन्माचे लक्षण; रेडिओ तेज प्रमाणाबाहेर असेल, तर आत जागे झालेले कृष्णविवर आहे असे समजावे. एसपीटी २३४९-५६ मध्ये रेडिओ दुर्बिणींना असे एक केंद्र सापडले आहे. दक्षिणेकडचा हा समूह खोडदच्या अँटेना झुकतात त्याच्या थोडासा खाली राहतो, म्हणून ते काम दक्षिण गोलार्धातल्या दुर्बिणींनी केले. उत्तरेच्या आकाशातल्या जागांसाठी खोडद आहे.

रेडिओ लहरींच्याही मर्यादा आहेत. धुळीच्या धगीला मिळणारा लाभ त्यांना मिळत नाही. अंतर वाढले की त्या फिक्या होतात आणि तरुण विश्वातल्या दाट पार्श्वप्रारणावर आदळून इलेक्ट्रॉनची ऊर्जा आधीच खर्च होते. पण मर्यादेवर चिकाटीने मात करता येते, हे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने दाखवून दिले आहे. आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर आणि जयराम चेंगालूर यांनी २०२० साली ७,६५३ दीर्घिकांचे जीएमआरटीतले क्षीण संकेत एकत्र रचून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतला हायड्रोजन मोजला आणि दाखवले, की त्यांच्या ताराजन्माच्या वेगाने तो साठा एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. एकेकटी दीर्घिका दिसत नसली तरी हजारोंचा मिळून हिशेब लावता येतो, ही पद्धत धुळकट समूहांनाही लागू करता येईल.

एक शेवटचा आक्षेप आपल्या मातीतला आहे. जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या जिल्ह्याला बारा अब्ज वर्षांपूर्वीच्या धुळीचे काय? पाण्याचा प्रश्न पाण्याच्याच कामाने सुटेल आणि त्याला अग्रक्रम हवाच. पण ज्ञानाचा वाटा मागायला आधी श्रीमंत व्हावे लागते, ही समजूत या क्षेत्रात तरी खोटी ठरली आहे. राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ साली ‘अलकनंदा’ ही सुमारे १२ अब्ज वर्षांपूर्वीची सर्पिल दीर्घिका पुण्यात बसून, जेम्स वेब दुर्बिणीच्या सर्वांसाठी खुल्या असलेल्या माहितीतून शोधली. आनंद होता यांनी उभी केलेली ‘रॅड ॲट होम’ ही चळवळ २०१३ पासून विज्ञानाच्या सामान्य पदवीधरांना जीएमआरटीसारख्या दुर्बिणींच्या प्रतिमा वाचायला शिकवते आहे. अल्मा, हर्शेल, प्लँक आणि जीएमआरटी यांच्या साठ्यांतली बहुतेक माहिती ठरावीक मुदतीनंतर खुली होते. आज तुटवडा ठिपक्यांचा नाही. धगीचे चित्र, रेडिओ चित्र आणि वायूच्या रेषा शेजारी ठेवून, एकेक ठिपका संशयाने तपासणाऱ्या डोळ्यांचा आहे. त्यासाठी पर्वतशिखर लागत नाही, लागते ती भौतिकशास्त्राची पक्की समज, संगणक आणि इंटरनेट. मराठवाडा विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरातल्या किंवा तुळजापूर, उमरग्याच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला हे काम परके वाटण्याचे कारण नाही. आकाशातल्या पहिल्या वस्त्यांची यादी अजून अर्धवट आहे आणि ती पुरी करणाऱ्यांत आपल्या जिल्ह्याची नावे असावीत, हा आग्रह धरण्याजोगा आहे.